इमर्जन्सी मॅनेजमेंटमध्ये नवीन आलात? मग काय वाचायचं आणि कुठून सुरू करायचं

या फील्डमध्ये नवीन आलेला माणूस पहिल्या आठवड्यात हमखास एक काम करतो, दिसेल ती पीडीएफ डाउनलोड करतो. फ्रेमवर्क, गाइडलाइन, हँडबुक, टूलकिट, स्टँडर्ड, सगळ्यांची कव्हरं सारखीच, हेल्मेट घातलेली चार माणसं नकाशाकडे बोट दाखवतायत. मग "वाचायचंय" नावाचा एक फोल्डर तयार होतो आणि सहा महिन्यांनी उघडला तर त्यातली निम्मी नावंसुद्धा आठवत नाहीत. मटेरियल कमी आहे अशी तक्रार इथे कुणालाच करता येणार नाही, उलट बरंचसं फुकट आहे, अडचण असते ती क्रमाची. कोणतं आधी, कोणतं नंतर, कोणतं फक्त चाळायचं आणि कोणतं पेन्सिल घेऊन बसून वाचायचं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे: काहीही वाचताना शेजारी तुमच्या संस्थेचा प्लॅन उघडा ठेवायचा. वाचून झालं की प्लॅनमधली एखादी ओळ बदलली पाहिजे, नाहीतर निदान "ही ओळ अशी का आहे" हे तरी कळलं पाहिजे. दोन्ही होत नसेल तर ते वाचन जनरल नॉलेज म्हणून ठीक आहे, पण कामाचं वाचन ते नव्हे.

पायरी १: आधी घरचं वाचा

म्हणजे तुमच्याच संस्थेचा आपत्कालीन प्लॅन. गंमत अशी की लोक सेंडाई फ्रेमवर्क (आपत्तीचा धोका कमी करण्याचा संयुक्त राष्ट्रांचा आराखडा) वाचतात पण स्वतःच्या ऑफिसचा प्लॅन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला माणूस शोधावा लागतो. तो वाचा, आणि उलटा वाचा, म्हणजे आधी मागची परिशिष्टं. फोन नंबरांची यादी कधी अपडेट झाली होती, त्यातला एखादा नंबर लावून बघा लागतो का, साहित्याच्या यादीत जे लिहिलंय ते खरंच गोदामात आहे का. प्लॅनची खरी तब्येत तिथे कळते, प्रस्तावनेत नाही कळत.

मग मुख्य भाग. जिथे जिथे "समन्वय साधला जाईल", "आवश्यक ती कार्यवाही केली जाईल", "संबंधितांना कळवण्यात येईल" अशी वाक्यं आहेत तिथे गोल करा आणि बाजूला लिहा, कोण? कुणाला? कशावरून? रात्री दोन वाजता पण? एका प्लॅनमध्ये असे किती गोल होतात ते बघा, पुढच्या वर्षभराच्या वाचनाची यादी तिथूनच निघते. समजा निवारा केंद्राच्या भागात सगळ्यात जास्त गोल झाले, तर तुमचं पहिलं वाचन निवाऱ्याबद्दल, सिंपल आहे.

त्याच्यासोबत तुमच्या देशाचा आपत्तीविषयक कायदा. पूर्ण नाही वाचला तरी चालेल, फक्त चार प्रश्नांची उत्तरं शोधा: आणीबाणी जाहीर कोण करू शकतो, लोकांना जागा सोडायला कोण सांगू शकतो, खाजगी गाड्या किंवा इमारती ताब्यात घ्यायचा अधिकार कुणाला आहे, आणि पैसा कुणाच्या सहीने खर्च होतो. कलम नंबर वहीत लिहून ठेवा, ऐन वेळी शोधत बसायला कुणाला सवड नसते.

पायरी २: भाषा एक करून घ्या

हे पटकन उरकायचं. २००७ साली अमेरिकेत काही प्रॅक्टिशनर आणि अभ्यासकांनी मिळून इमर्जन्सी मॅनेजमेंटची ८ तत्त्वं ठरवली होती, अगदी थोड्या पानांचं डॉक्युमेंट आहे, एका बैठकीत होतं. त्यानंतर सेंडाई फ्रेमवर्क, मार्च २०१५ मध्ये जपानच्या सेंडाई शहरात मंजूर झालेलं, २०३० पर्यंतचं, त्यात ७ टार्गेट आणि ४ प्राधान्यक्रम. भाषा सरकारी आहे, कंटाळा येईल, पण मीटिंगमध्ये वरिष्ठ मंडळी ज्या शब्दांत बोलतात ते शब्द इथून आलेत हे लक्षात येतं. आधीचं ह्योगो फ्रेमवर्क २००५ ते २०१५ चं होतं, जुन्या रिपोर्टांत त्याचाच उल्लेख येतो त्यामुळे नाव माहीत असू द्या. आणि युएनडीआरआर, म्हणजे आपत्तीचा धोका कमी करण्याचं काम बघणारं युएनचं कार्यालय, त्याच्या साइटवर व्याख्यांची यादी आहे, हॅझार्ड, एक्स्पोजर, व्हल्नरेबिलिटी, रिस्क हे चार शब्द तिथून नीट समजून घ्या, कारण लोक हे चारही एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात आणि मग रिस्क असेसमेंटच्या नावाखाली नुसती पुरांची आणि भूकंपांची यादी तयार होते.

बस, दोन दिवसांच्या वर इथे थांबू नका.

पायरी ३: घटनास्थळी कोण कुणाचं ऐकतो

आता इन्सिडंट कमांड सिस्टिम, म्हणजे घटनास्थळी हुकूम कोण देतो आणि कोण कुणाच्या हाताखाली हे ठरवणारी पद्धत. ही का आली ते आधी वाचा म्हणजे तक्ता पाठ करायची गरज पडत नाही. १९७० च्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियात वणवे लागले, १३ दिवसांत १६ जीव गेले, ७०० इमारती जळाल्या, पाच लाख एकराच्या वर जंगल गेलं. अग्निशमन दलं भरपूर होती, माणसं मेहनती होती, पण प्रत्येक दलाचे शब्द वेगळे, रेडिओ वेगळे, हुकूम देणारा वेगळा, एकाच आगीवर दोन जण दोन प्लॅन करतायत. त्यानंतर फायरस्कोप नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि त्यातून ही पद्धत उभी राहिली. हे माहीत असलं की एका माणसाला एकच बॉस का, कोड न वापरता साध्या भाषेत बोला असं का सांगतात, एका सुपरवायझरखाली साधारण ५ च माणसं का, हे आपोआप उलगडतं.

वाचायला काय? फेमाचे (अमेरिकेची सरकारी आपत्ती संस्था) आयएस-१०० आणि आयएस-७०० हे सेल्फ-स्टडी कोर्स, आणि निम्स, म्हणजे अमेरिकेची राष्ट्रीय इन्सिडंट मॅनेजमेंट पद्धत, हे डॉक्युमेंट, ज्याची तिसरी आवृत्ती २०१७ ची आहे. ब्रिटनमध्ये याच विषयावर जेसिपची (पोलीस, अग्निशमन आणि अॅम्ब्युलन्स यांनी मिळून काम करण्याचा कार्यक्रम) जॉइंट डॉक्ट्रीन आहे आणि माझं प्रामाणिक मत, नवख्या माणसाला ती निम्सपेक्षा लवकर कळते, कारण तिच्यात पाचच तत्त्वं आहेत: एका जागी या, बोला, समन्वय ठेवा, धोका मिळून समजून घ्या, परिस्थितीचं चित्र सगळ्यांचं एकच असू द्या. त्यातला मिथेन (इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं नाव) हा रिपोर्ट देण्याचा साचा तर उद्यापासून वापरता येतो. मेजर इन्सिडंट जाहीर झाला का, नेमकं ठिकाण, प्रकार, धोके, पोचायचा रस्ता, जखमींचा आकडा, कोणत्या सेवा आल्या आणि कोणत्या हव्यात. कार्डावर लिहा, कंट्रोल रूमच्या फोनशेजारी चिकटवा.

आयएसओची स्टँडर्ड पण आहेत, २२३२० इन्सिडंट मॅनेजमेंटसाठी, २२३०१ बिझनेस कंटिन्युइटीसाठी, ३१००० रिस्कसाठी. ती विकत घ्यावी लागतात, पण लगेच घेऊ नका, आयएसओच्या साइटवर प्रीव्ह्यूमध्ये व्याख्यांचा भाग फुकट दिसतो, सुरुवातीला तेवढा पुरतो. कुणी एनएफपीए १६०० (अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेचं स्टँडर्ड) वाचा म्हणालं तर एवढं माहीत असू द्या की ते आता १६६० नंबरच्या स्टँडर्डमध्ये सामील झालंय, जुन्या आवृत्तीवर वेळ घालवू नका.

पायरी ४: प्लॅन कसा लिहितात, आकडे कुठून येतात

प्लॅन लिहिण्यासाठी फेमाचं सीपीजी १०१ हे गाइड, तिसरी आवृत्ती २०२१ ची. त्यात ६ पायऱ्यांची पद्धत आहे आणि पहिली पायरी "टीम जमवा" ही आहे, "लिहायला बसा" ही नाही, एवढं एक वाक्य जरी लक्षात राहिलं तरी गाइड वसूल. सराव घ्यायचे असतील तर एचसीप, म्हणजे सराव कसे आखायचे यावरचं अमेरिकी सरकारचं गाइड, २०२० ची आवृत्ती, त्यात सेमिनारपासून फुल-स्केल सरावापर्यंत ७ प्रकार दिलेत. नवीन माणूस थेट मोठ्या मॉकड्रिलवर उडी मारतो, सायरन, स्ट्रेचर, फोटो. आधी टेबलटॉप करा हो, चार लोक, एक नकाशा आणि "आता फोन बंद पडले, पुढे काय" असे प्रश्न. एचसीप वाचल्यावर हा क्रम का ते समजतं.

आता स्फिअर हँडबुकवर, म्हणजे मदतकार्यातल्या किमान स्टँडर्डच्या पुस्तकावर, मात्र जरा थांबायचं, कारण हे पुस्तक लोक फार वापरतात आणि अर्धवट वाचून वापरतात. सध्याची आवृत्ती २०१८ ची, चौथी, साइटवर फुकट. यातले आकडे प्रसिद्ध आहेत: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, छपराखालची माणशी किमान ३.५ चौरस मीटर जागा, २० माणसांमागे १ टॉयलेट, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, पाण्याच्या रांगेत ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ नये. आता हे तुमच्या प्लॅनला लावून बघा. प्लॅनमध्ये लिहिलंय "१००० लोकांची निवारा केंद्रात सोय केली जाईल". म्हणजे रोज १५,००० लिटर पाणी. ते कुठून? ५,००० लिटरचा टँकर असेल तर रोजच्या तीन खेपा, आणि टँकर वळायला जागा आहे का? नळ ४ तरी पाहिजेत. झोपायला ३,५०० चौरस मीटर छप्पर, तुमच्या यादीतला हॉल मोजला आहे का कधी, की "मोठा आहे" एवढंच माहीत आहे? टॉयलेट ५०. अगदी सुरुवातीच्या दिवसांत ५० माणसांमागे १ असं चालवून घेता येतं असं हँडबुकच म्हणतं, तरी २० झाली. हॉलला किती आहेत? बहुतेक प्लॅनमधलं ते १००० चं वाक्य इथेच कोसळतं, आणि कागदावर कोसळलेलं बरं.

पण एक गोष्ट लोक सोडून देतात. स्फिअरमध्ये स्टँडर्ड म्हणजे आकडा नव्हे. स्टँडर्ड हे वाक्य आहे, लोकांना पुरेसं आणि सुरक्षित पाणी मिळालं पाहिजे अशा धर्तीचं, आणि आकडा हा ते साधलं की नाही बघायचा इंडिकेटर. १५ लिटर देताय पण नळ अंधाऱ्या कोपऱ्यात आहे आणि बायका संध्याकाळनंतर तिथे जातच नाहीत, तर आकडा पास आणि स्टँडर्ड नापास. म्हणून प्रत्येक धड्यातले तक्ते बघायच्या आधी प्रत्येक स्टँडर्डखालची मार्गदर्शक टिपणं वाचा, खरा माल तिकडे आहे.

पायरी ५: चौकशी अहवाल, आणि इथे भरपूर वेळ द्या

मला विचाराल तर पाठ्यपुस्तक एक वेळ बाजूला ठेवा पण वर्षाला दोन तरी चौकशी अहवाल पूर्ण वाचा. मॅन्युअल सांगतं काय व्हायला हवं होतं, चौकशी अहवाल सांगतो कोणत्या मिनिटाला कुणाला काय माहीत होतं आणि त्याने काय केलं. एवढ्या बारकाईने, शपथेवर दिलेल्या साक्षींसकट, दुसरीकडे कुठे वाचायला मिळत नाही.

उदाहरण म्हणून मँचेस्टर अरीनाची चौकशी घ्या. २२ मे २०१७ च्या रात्री कॉन्सर्ट संपल्यावर बाहेरच्या फॉयरमध्ये (प्रवेशदालनात) स्फोट झाला, २२ जणांचा बळी गेला. सर जॉन सॉन्डर्स यांच्या चौकशीचा दुसरा खंड नोव्हेंबर २०२२ मध्ये आला आणि तो पूर्णपणे इमर्जन्सी रिस्पॉन्सवर आहे. त्यात काय दिसतं? अग्निशमन दल घटनास्थळी पोचायला दोन तासांहून जास्त लागले. स्फोट झाला त्या फॉयरमध्ये शेवटचा जखमी बाहेर काढेपर्यंत फक्त ३ पॅरामेडिक आत गेले होते. कुणी घाबरट होतं म्हणून नाही. वेगवेगळ्या सेवा वेगवेगळ्या ठिकाणी जमल्या, एक समान भेटण्याची जागा ठरलीच नाही. पोलिसांच्या कंट्रोल रूममधल्या ड्युटी ऑफिसरने बंदूकधारी हल्लेखोर फिरत असू शकतो असं धरून तशी स्थिती जाहीर केली, पण ती बाकीच्या सेवांना कळवलीच गेली नाही, कारण त्या एका माणसावर एकाच वेळी इतकी कामं येऊन पडली की तो दबून गेला. आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट, त्या पदावर ताण जास्त होतो हे आधीच्या सरावांत दिसलेलं होतं. कागदावर होतं. दुरुस्त झालं नव्हतं.

आता प्लॅन शेजारी आहे ना? उघडा. तुमच्या कंट्रोल रूममध्ये पहिल्या अर्ध्या तासात एकाच माणसाने करायची कामं किती आहेत, मोजा. वरिष्ठांना कळवणं, गाड्या पाठवणं, दुसऱ्या सेवांना फोन, लॉग लिहिणं, मीडियाचे फोन. सातच्या वर गेली तर तुमच्याकडे पण तोच दबलेला माणूस आहे, फक्त अजून त्याची वेळ आलेली नाही. भेटण्याची जागा कोण ठरवतो आणि ठरली की किती मिनिटांत सगळ्यांना कळते? एका अहवालातून एवढे दोन प्रश्न जरी उचलले तरी पुरे.

वाचायची पद्धत सांगतो. सारांशाने सुरुवात करू नका, सारांशात निकाल असतो आणि निकाल आधी कळला की मागचं सगळं मूर्खपणाचं वाटायला लागतं. आधी घटनाक्रम वाचा. एका कागदावर चार रकाने करा: वेळ, त्या माणसाला त्या क्षणी काय माहीत होतं, त्याने काय केलं, आमच्याकडे काय झालं असतं. दुसरा रकाना सगळ्यात अवघड आहे, कारण आपल्याला शेवट माहीत असतो आणि त्याला नव्हता. हा रकाना प्रामाणिकपणे भरला की "असं कसं नाही सुचलं यांना" हे वाक्य तोंडातून जातं. मग शिफारशी वाचा, आणि सगळ्यात शेवटी सारांश.

दुसरे कोणते? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाचा बुशफायर रॉयल कमिशनचा अहवाल, ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ माणसं गेली, जुलै २०१० चा अंतिम अहवाल, ६७ शिफारशी, लोकांना इशारा देणं आणि घर सोडायचं की थांबून राखायचं हा प्रश्न ज्यांच्या कामात येतो त्यांनी वाचायलाच हवा. फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेवर जपानच्या संसदेने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाचा २०१२ चा अहवाल, नियामक आणि कंपनी यांच्यातलं साटंलोटं कसं दुर्घटनेपर्यंत नेतं त्यासाठी. उंच इमारतींशी संबंध असेल तर लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीची चौकशी, पहिला टप्पा २०१९ चा त्या रात्रीवर आहे आणि दुसरा २०२४ चा इमारत तशी झालीच कशी यावर, दोन्ही लांबलचक, निवडून वाचा.

आणि हे सगळं वाचून थोडे निराश झालात की केविन पोलॉक यांचा २०१३ चा पेपर काढा. त्यांनी ब्रिटनमधल्या १९८६ नंतरच्या ३२ मोठ्या घटनांचे अहवाल एकत्र ठेवून बघितले, आणि बाहेर काय आलं तर त्याच त्या उणिवा पुन्हा पुन्हा: माहिती एकमेकांना न देणं, ट्रेनिंग कमी, भूमिका अस्पष्ट, आधीचा धडा अमलात न येणं. जेसिपच्या कामाला बळ अशाच गोष्टींमुळे मिळालं. पोलॉक वाचल्यावर तुमच्या ऑफिसमधल्या जुन्या मॉकड्रिलचे रिपोर्ट काढून बघा, गेल्या तीन रिपोर्टांत कोणतं वाक्य तिन्हीकडे आहे ते शोधा. सापडतंच.

पायरी ६: रिसर्च, घाबरायचं नाही

रिसर्च पेपर म्हणजे प्राध्यापकांचं काम असं वाटतं, पण या फील्डमध्ये रिसर्चने अगदी रोजच्या समजुती मोडल्यात. समाजशास्त्रज्ञ क्वारांटेली यांनी १९५४ सालीच पॅनिकवर पेपर लिहिला, नंतर १९६३ मध्ये डिझास्टर रिसर्च सेंटरच्या संस्थापकांपैकी एक झाले, हे सेंटर आता अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात आहे. अनेक दशकांच्या फील्डवर्कमधून एक गोष्ट सतत समोर आली की आपत्तीत लोक सैरावैरा पळत सुटतात हे फार क्वचित होतं, बहुतेक वेळा लोक एकमेकांना मदत करतात, घरच्यांना शोधतात, पहिली सुटका शेजारीच करतात. तरी किती प्लॅनमध्ये "घबराट पसरू नये म्हणून माहिती मर्यादित द्यावी" असं वाक्य असतं! ते वाक्य गोल करा. माहिती दाबून ठेवल्याने उशीर होतो, आणि उशिराने माणसं जातात.

दुसरं, १९५७ साली फ्रिट्झ आणि मॅथ्यूसन यांनी कन्व्हर्जन्सवर लिहिलं, म्हणजे आपत्तीच्या जागी माणसं, वस्तू आणि चौकशीचे फोन यांचा लोंढा येतो. आज त्यात मोबाइल आणि व्हॉट्सअॅपची भर पडली पण मूळ गोष्ट तीच. प्लॅनमध्ये मदत कशी मागवायची ते असतं, न मागवलेल्या मदतीचं काय करायचं ते नसतं. जुन्या कपड्यांचे ढीग उतरवण्यात अडकून पडलेली माणसं हे अगदी खरं नुकसान आहे. एरिक आउफ डेर हाइडे या डॉक्टरांचं १९८९ चं डिझास्टर रिस्पॉन्सवरचं पुस्तक यासाठी छान आहे, हॉस्पिटलवाल्यांनी तर जरूर वाचा. कमी जखमी लोक स्वतःच्या गाडीने आधी पोचतात आणि जवळचंच हॉस्पिटल भरून टाकतात, गंभीर पेशंट अॅम्ब्युलन्सने मागून येतात, हे त्यात नीट समजावलंय.

तिसरं, मृतदेहांमुळे साथ पसरते ही समजूत. नैसर्गिक आपत्तीत जखमांनी किंवा बुडून गेलेल्यांचे मृतदेह सहसा साथीचं कारण ठरत नाहीत, हे जागतिक आरोग्य संघटना आणि रेड क्रॉस यांच्या मृतदेह व्यवस्थापनावरच्या फील्ड मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. भीतीपोटी घाईघाईने सामूहिक दफन केलं की ओळख पटत नाही आणि घरच्यांचे हाल आयुष्यभर चालू राहतात. छोटं मॅन्युअल आहे, चित्रं आणि फॉर्म सकट, प्रिंट काढून ठेवण्यासारखं.

आणि एक पेपर फक्त आनंदासाठी. कार्ल वाइक यांचा १९९३ चा, मान गल्चच्या वणव्यावरचा. ऑगस्ट १९४९, मोंटाना, १३ अग्निशामक गेले. त्यांचा फोरमन डॉज याने पुढचं गवत पेटवून त्या जळालेल्या पट्ट्यात आडवं पडायला सांगितलं आणि कुणी ऐकलं नाही, तो वाचला. हातातली जड अवजारं टाकून पळा म्हटलं तरी माणसं अवजारं का टाकत नाहीत, टीमची घडी विस्कटली की समोर दिसतंय त्याचा अर्थच का लागेनासा होतो, त्यावर वाइक यांनी जे लिहिलंय ते एकदा वाचून सुटत नाही.

जर्नलांची नावं हवीत तर ही घ्या. "डिझास्टर्स", १९७७ पासून, मानवीय मदतीच्या अंगाने. "इंटरनॅशनल जर्नल ऑफ मास इमर्जन्सीज अँड डिझास्टर्स", १९८३ पासून, समाजशास्त्राकडे झुकलेलं. "इंटरनॅशनल जर्नल ऑफ डिझास्टर रिस्क रिडक्शन", २०१२ चं, प्रचंड पेपर येतात, सगळे वाचायच्या भानगडीत पडू नका. "ऑस्ट्रेलियन जर्नल ऑफ इमर्जन्सी मॅनेजमेंट" फुकट आहे आणि काम करणाऱ्या माणसाला कळेल अशा भाषेत असतं, नवीन माणसाने पहिलं हेच धरावं. आफ्रिकेकडचं "जांबा" पण पूर्ण खुलं आहे.

पेपर पैशांच्या मागे बंद असेल तर गूगल स्कॉलरवर त्या पेपरखाली "सगळ्या आवृत्त्या" बघा, बऱ्याचदा विद्यापीठाच्या साइटवर फुकट प्रत असते. नाहीच तर लेखकाला सरळ ईमेल टाका, दोन ओळी, मी अमुक काम करतो आणि पेपर हवा आहे. लोक पाठवतात, खूशही होतात. वाचताना सारांश, मग मर्यादांचा परिच्छेद, मग निष्कर्ष. मर्यादांमध्ये "एकाच शहरातल्या ४० मुलाखती" असं असेल तर तो निष्कर्ष तुमच्या प्लॅनमध्ये नियम म्हणून घालू नका, प्रश्न म्हणून घाला. आणि भुरट्या जर्नलांपासून सांभाळा, आठवड्यात छापतो म्हणणारी, न मागता ईमेल करणारी, संपादक मंडळाचा पत्ता नसलेली. डीओएजेच्या, म्हणजे खुल्या जर्नलांच्या डिरेक्टरीच्या, यादीत नाव आहे का बघा.

पायरी ७: डेटा वाचताना एक अट

ईएम-डॅट हा बेल्जियममधल्या क्रेड संस्थेचा डेटाबेस, १९८८ पासूनचा, सगळे तिथूनच आकडे उचलतात. पण घटना त्यात यायला अट आहे: १० किंवा जास्त मृत्यू, किंवा १०० किंवा जास्त लोक बाधित, किंवा आणीबाणी जाहीर, किंवा आंतरराष्ट्रीय मदतीची मागणी, यातलं एक तरी. म्हणजे दर पावसाळ्यात आठ-दहा घरं पाडणारी दरड त्यात येणारच नाही. लहान घटनांसाठी देसइन्व्हेंटार हा डेटाबेस बघा, आणि त्याहून आधी स्वतःच्या कंट्रोल रूमचे जुने लॉग. कोणताही आलेख प्रेझेंटेशनमध्ये घालण्याआधी घटना मोजायची अट काय होती ते शोधा, एवढा एक नियम पाळला तरी मीटिंगमध्ये तोंडावर पडणार नाही.

पायरी ८: रोजचं, आठवड्याचं

रोज पंधरा मिनिटांच्या वर नको. रिलीफवेब, युएनच्या ओचाची (मानवीय मदतीचा समन्वय बघणारं कार्यालय) साइट, १९९६ पासून चालू आहे, तिथे कुठल्याही चालू आपत्तीचे सिट्रेप (परिस्थितीचे अहवाल) मिळतात. बातमी म्हणून वाचू नका, लिखाण म्हणून वाचा: पहिल्या पाच ओळींत काय घातलंय, आकड्याशेजारी तारीख-वेळ आहे का, "माहीत नाही" हे कसं लिहिलंय, कालच्या सिट्रेपपेक्षा काय बदललं हे कळतंय का. एकाच आपत्तीचे पहिल्या आठवड्याचे सिट्रेप ओळीने वाचा, मृतांचे आकडे कसे वर-खाली होतात ते बघा, म्हणजे तुमच्यावर वेळ आली की पहिल्या दिवशीचा आकडा छातीठोकपणे सांगायचा मोह होणार नाही. याच्यासोबत युएनडीआरआरचीच प्रिव्हेन्शनवेब ही साइट, आणि कोलोरॅडोचं नॅचरल हॅझार्ड्स सेंटर, १९७६ चं, ते रिसर्च सोप्या भाषेत देतात. ईमेल न्यूजलेटर दोनच घ्या. पाच घेतलीत तर एकही उघडणार नाही.

पायरी ९: टिपणं, आणि मग स्वतः लिहा

टिपण एका पानाचंच. वर नाव आणि वर्ष, मग दोन-तीन ओळीत काय म्हटलंय, आणि खाली "आमच्या प्लॅनचं पान अमुक, ओळ अमुक, बदल अमुक, कुणाला सांगायचं". ही शेवटची ओळ रिकामी राहिली तर टिपण अर्धं आहे. टीममध्ये महिन्यातून एकदा अर्ध्या तासाचं वाचन ठेवा, एकाने एक अहवाल किंवा पेपर सांगायचा, बाकीच्यांनी प्लॅन उघडून बसायचं. चहाच्या वेळेला ठेवलं तर लोक येतात, ऑफिशियल मीटिंग केली तर प्रतिनिधी पाठवतात.

साधारण वर्षभर हे चाललं की लिहायला लागा. थेट रिसर्च पेपर नको, आधी तुमच्या सरावाचा किंवा छोट्या घटनेचा प्रामाणिक रिपोर्ट, काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, कोण कधीपर्यंत काय बदलणार. नावं आणि चेहरे काढून टाका, बाधित लोकांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय नाहीत, आणि वरिष्ठांची लेखी मंजुरी आधी घ्या, छापून आल्यावर नाही. मग तोच मजकूर हजार-दीड हजार शब्दांत बसवून एखाद्या प्रॅक्टिसवाल्या जर्नलच्या "फील्डवरून" छापाच्या सदराला पाठवा, पाठवण्याआधी त्यांचे लेखकांसाठीचे नियम वाचा आणि त्याच सदरातले आधीचे तीन लेख बघा म्हणजे लांबी आणि सूर कळतो. परत आला तर रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांमधला पहिला शेरा बहुतेक हाच असतो: "हे तुम्ही कशावरून म्हणता?" त्याचं उत्तर लॉगमध्ये वेळेसकट असेल तर दुसऱ्या फेरीत निघून जातं, म्हणून सरावाच्या दिवशी लॉग लिहायला एक माणूस वेगळा बसवा आणि त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका.